जुनी जीप घरी उभी करायची तर सुरुवात खालून करा

पुणे-सातारा हमरस्त्यावरच्या शिवऱ्याहून साताऱ्याच्या दिशेने निघालं की चेलाडीला नसरापूर-वेल्ह्याचा फाटा लागतो. त्या रस्त्याने आत जाताना गोठ्यामागे, आंब्याखाली नाहीतर पडक्या पडवीला टेकून एखादी जुनी महिंद्र जीप अजून उभी दिसते. टायर बसलेले, बोनेटवर पेंढा, स्टिअरिंगला जाळी. वाड्या-वस्त्यांवर डांबर पोचलं नव्हतं तेव्हा याच गाड्यांनी वडाप केलं, भाताची पोती वाहिली, दवाखान्याला माणसं नेली, वऱ्हाडं पोचवली. पुढे बोलेरो आणि पिकअप आल्या, रस्ते सुधारले आणि जीप बाजूला पडली ती पडलीच.

यांतल्या बऱ्याच गाड्या पुन्हा चालू शकतात आणि ते काम घरी, आपल्या हाताने होऊ शकतं, असं माझं ठाम मत आहे. ही गाडी मुळात पाने आणि हातोडीवर उघडता यावी अशीच बनवली होती. तरी घरी सुरू केलेली कितीतरी कामं अर्ध्यात बसतात. त्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून माणूस रंगापासून सुरू करतो, नवे टायर आणतो, सीट शिवून घेतो. मग कळतं की चेसिस कुजली आहे किंवा कागदच नाहीत. आधी कागद, मग चेसिस, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, त्यानंतर गिअरबॉक्स आणि इंजिन, मग वायरिंग आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम धरून चाललात तर काम हळू होईल, पण अडकणार नाही.

गाडी कोणती घ्यावी? अमेरिकन सैन्यासाठी विलीज एमबी १९४१ साली आली. युद्ध संपल्यावर तिचीच नागरी रूपं निघाली आणि १९५३ मध्ये उंच बोनेटची सीजे-३बी आली. इकडे १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने चालणाऱ्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे ती इथेच बनवली. अमेरिकेत ३बी १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे मात्र त्याच घराण्याच्या गाड्या नावं आणि इंजिनं बदलत कितीतरी वर्षं निघत राहिल्या: सीजे-३४०, सीजे-५००, एमएम-५४०, लांब कमांडर. याचा फायदा आज जीप उभी करणाऱ्याला होतो. या गाड्यांचे बरेच सुटे भाग एकमेकींना लागतात आणि अजून बाजारात मिळतात. इतक्या जुन्या दुसऱ्या कुठल्या गाडीबद्दल असं म्हणता येणार नाही.

पहिल्यांदाच काम करणाऱ्याने डिझेलची एमएम-५४० किंवा तिच्या आसपासची गाडी घ्यावी. प्यूजोच्या परवान्याने बनलेलं तिचं एक्सडीपी इंजिन गावोगावच्या मिस्त्रींना पाठ आहे. सीजे-३बीचं पेट्रोल हरिकेन इंजिन सुमारे २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं. ते सुरेख चालतं, पण त्यात हात घातलेले मिस्त्री आता कमी उरलेत. जबलपूरच्या वाहन कारखान्यात सैन्यासाठी बनलेली निस्सान जोंगाही अनेकांच्या मनात असते. जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पोसायची तयारी असेल आणि भाग शोधत फिरायची चिकाटी असेल, तरच तिच्या वाटेला जा. पहिलं काम म्हणून जोंगा घेऊ नका.

कागद

गाडी बघायला जाताना टॉर्च, वायर ब्रश आणि पेन्सिल बरोबर न्या. चेसिसवरचा नंबर ब्रशने साफ करा, त्यावर कागद धरून पेन्सिलीने ठसा घ्या आणि तो आरसी बुकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. इंजिन नंबरही तसाच पाहा. आरसीवर पेट्रोल लिहिलेलं आणि बोनेटखाली डिझेल इंजिन, हा प्रकार जुन्या जीपमध्ये फार आढळतो, कारण डिझेल स्वस्त होतं तेव्हा हजारो पेट्रोल जीपना डिझेल इंजिनं बसली. तो बदल आरटीओत नोंदवला असेल तर काळजी नाही. नोंदवला नसेल तर सौदा करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. मालकाच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. कर थकला आहे का, कर्जाचा बोजा आरसीवर चढलेला आहे का, नोंदणी रद्द झाली आहे का, हेही तिथेच कळेल. परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली गाडी असेल तर ना-हरकत दाखला मिळतो का, ते पैसे देण्याआधी बघा. सैन्याच्या लिलावातून आलेल्या गाडीला लिलावाचे मूळ कागद हवेतच, त्यांच्याशिवाय नोंदणी होत नाही. मूळ मालक वारले असतील आणि आरसी त्यांच्याच नावावर असेल, तर आधी वारसांच्या नावावर बदल करून घ्यायला सांगा. गावात हे फार ठिकाणी राहून गेलेलं असतं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. जुन्या गाड्यांसाठी हे शुल्क अलीकडे वाढलं आहे आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही आहे. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. ऐकायला हे छान वाटतं, पण दोन गोष्टी पक्क्या समजून घ्या. एक म्हणजे गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. दुसरी म्हणजे अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. तुम्हाला शेतावर जायला किंवा पोरांना राजगडाच्या पायथ्याला न्यायला जीप हवी असेल, तर व्हिंटेजच्या फंदात पडू नका. साधी नोंदणी चालू ठेवा. आणि ३बीचं मूळ पेट्रोल इंजिन अजून जागेवर असेल, तर ते काढून डिझेल बसवायच्या आधी दहादा विचार करा. एकदा ते इंजिन भंगारात गेलं की गाडीचं मूळपण संपलं.

भरमसाट मोठे टायर, वाढवलेली उंची, कापलेली चेसिस हे सगळं समाजमाध्यमांवर कितीही दिसलं तरी कायद्याला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल या बाबतीत स्पष्ट आहेत: उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाच्या विरोधात जाणारा बदल करता येत नाही. मला स्वतःला तर मूळ १६ इंची चाकांवर उभी असलेली जीपच देखणी वाटते.

जागा, वेळ, हत्यारं

गाडीच्या चारही बाजूंनी माणूस वाकू शकेल एवढी जागा हवी, वर पत्रा हवा आणि खाली पक्की फरशी किंवा कोबा. शेणाच्या जमिनीवर जॅक लावू नका, तो रुततो. आपल्याकडे घरी काम करणाऱ्याच्या नशिबात पाऊस आहे. शिवऱ्यातून पश्चिमेला वेल्ह्याकडे जाल तसा तो वाढतच जातो. ओल्या हवेत घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो आणि त्यावर मारलेला प्रायमर पुढच्या वर्षी पापुद्र्याने सुटतो. म्हणून पत्रा, वेल्डिंग आणि रंगाचं काम दिवाळी ते होळी या दिवसांतच ठेवा. पावसाळ्यात इंजिन, गिअरबॉक्स, डायनॅमो अशी टेबलावर बसून करायची कामं काढा. भातलावणीच्या दिवसांत तसाही कुणाचा हात मोकळा नसतो.

विजेचं आधी बघा. घरच्या सिंगल फेजवर मोठा कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन ओढत नाही, आणि शेतीपंपाच्या जोडणीवरून वेल्डिंग चालवणं बेकायदा आहे. घरी छोटा इन्व्हर्टर वेल्डर आणि ग्राइंडर एवढंच ठेवा; मोठं वेल्डिंग फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या. या बाबतीत शिवऱ्याचा माणूस नशीबवान आहे. खेड शिवापूर ते कापूरहोळ हा सगळा हमरस्त्याचा पट्टा. ट्रकची गॅरेजं, टायरवाले, लेथवाले हाकेच्या अंतरावर. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आहे, आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चिकाटीने फिरलात तर मूळ मीटर, आरसे, हत्यारंसुद्धा हाती लागतात. तिथेही नाही मिळालं तर मुंबईत कुर्ला आहे.

हत्यारांत एक गोष्ट बहुतेक जणांच्या ध्यानात येत नाही. विलीज घराण्याच्या जीपचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत, म्हणजे सुती पाने लागतात. चार सुती नटाला १३ एमएमचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. डिझेल प्यूजो इंजिन असेल तर त्याचे बोल्ट एमएममध्ये. त्यामुळे एकाच गाडीला दोन्ही संच हवेत, आणि ते चांगल्या कंपनीचे हवेत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर बहुधा ‘एल’ अक्षर दिसतं. हे माहीत नसलं की माणूस पाइप लावून सगळा जोर देतो आणि स्टड मोडतो. सैल करायला डाव्या चाकाचा नट उजवीकडे फिरवायचा.

खोलण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा. प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा, बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर नाव लिहा. एक वही करा. कुठला शिम कुठे होता, कुठली वायर कशाला जात होती, कुठला भाग कुठून आणला, हे त्यात त्याच दिवशी लिहा. आणि सगळी गाडी एकदम खोलू नका. मोकळा सांगाडा आणि पन्नास पोती सुटे भाग बघून घरच्यांचा धीर सुटतो, मग आपलाही. एक भाग काढा, पुरा करा, मग दुसरा.

गाडीखाली जाण्याआधी हे वाचा. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो; ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि ओढलेला हँडब्रेक असूनही गाडी जागची हलू शकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड नाहीतर लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक चढवू नका, आणि लोखंडी घोडी लावल्याशिवाय खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर कधीच नाही, विटांच्या ढिगावरही नाही.

चेसिस, ब्रेक, स्टिअरिंग

बॉडीचे बोल्ट सोडून टब उचलायला चार-पाच माणसं पुरतात. टब बाजूला झाला की चेसिस दिसते, आणि या गाडीचं भवितव्य इथे ठरतं. पाण्याच्या फवाऱ्याने चिखल आणि ग्रीस धुऊन काढा, वाळू द्या. मग छोटी हातोडी घ्या आणि पुढच्या बंपरपासून मागच्या क्रॉसमेंबरपर्यंत हाताहाताच्या अंतरावर हलके ठोकत जा. चांगलं पोलाद टण् वाजतं. आतून कुजलेल्या जागी आवाज बद्द होतो आणि हातोडीच्या टोकाखाली पत्रा दबतो. पाट्यांची शॅकल जिथे बसते ती जागा, इंजिन माउंटिंगची जागा, मागचा क्रॉसमेंबर आणि जिथे जिथे जुनी पट्टी वेल्ड केलेली दिसते तिथे दोनदा ठोका. भातखाचरांतून आणि ओढ्यांतून चाललेल्या गाडीत चिखल आत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो. वरून काळा रंग चमकत असतो आणि आतून पोलाद खाऊन झालेलं असतं.

कुजलेल्या भागावर पट्टी चिकटवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. कुजका भाग पोलाद चमकेपर्यंत कापून काढायचा आणि त्याच जाडीचा पत्रा नीट बसवून सीओटू वेल्डिंग करून घ्यायचं. हे काम चेसिस करणाऱ्या चांगल्या वेल्डरचं आहे. त्याआधी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं दोन्ही बाजूंनी घ्या. दोन्ही सारखी नसतील तर चेसिस वाकलेली आहे, आणि ती सरळ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. वेल्डिंग चालू असताना पेंढ्याची गंजी जवळ नको, पाण्याच्या दोन बादल्या हाताशी हव्यात. पेट्रोल जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती आधीच काढून लांब ठेवा. गळकी टाकी घरी कधीही वेल्ड करू नका. रिकामी, धुतलेली टाकीसुद्धा आतल्या वाफेने फुटते. नवी टाकी मिळते, ती आणा.

ब्रेकवर पैसा वाचवू नका. चारही व्हील सिलिंडर, रबरी होज, लायनर आणि मास्टर सिलिंडर नवे घाला. लोखंडी पाइप वरून चांगला दिसला तरी आतून गंजलेला असतो, तोही बदला. ड्रमला खोल चरे पडले असतील तर लेथवर साफ करून घ्या, पण ड्रमवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे छिलू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. जुन्या जीपला ब्रेकचं एकच सर्किट असतं, म्हणजे एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. वरंध घाट किंवा पाबे घाट उतरताना ही काय अवस्था होईल, ते सांगायला नको. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवून घ्यावा. मूळपणाचा मी आग्रही आहे, तरी या एका जागी सुरक्षितता वरचढ मानतो. हँडब्रेक पकडत नसेल तर आधी ट्रान्सफर केसचं ऑइल सील बघा. बहुतेक वेळा तिथून गळलेलं ऑइल ड्रममध्ये गेलेलं असतं आणि लायनर बदलून काही होत नाही.

पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकांना जे मोठे गोल लट्टू दिसतात, त्यांच्या आत फोर-व्हीलचा जॉइंट असतो आणि किंगपिनची बेअरिंगं असतात. मागची नमद्याची सीलं कुजली की आत पाणी शिरतं. उघडल्यावर ग्रीस दुधाळ, चहाच्या रंगाचं निघालं तर पाणी गेलंय हे नक्की. सगळं केरोसीनमध्ये धुवा, बेअरिंगं बदला, आणि शिम लावताना नकल ना सैल ना जाम असं बसवा. बसवण्याआधी स्प्रिंगकाट्याने नकल ओढून दोन्ही बाजूंना सारखा जोर लागतो का बघा. चाळीसच्या वेगाला जीपचं पुढचं चाक थरथरायला लागतं, स्टिअरिंग हातातून सुटायला बघतं, तेव्हा लोक टायर बॅलन्स करत बसतात. दोष बहुधा इथे असतो, किंवा टाय रॉडच्या टोकांत, किंवा जुन्या जीपला मध्यभागी असणाऱ्या बेलक्रँकच्या घासलेल्या पिनमध्ये. पाटे सपाट झाले असतील तर त्यांना नव्याने कमान देऊन मिळते. बुश आणि यू-बोल्ट मात्र नवेच घ्या.

गिअरबॉक्स आणि इंजिन

गिअरबॉक्सला ट्रान्सफर केस थेट जोडलेली असते, आणि मधलं सील गेलं की एकाचं ऑइल दुसऱ्यात उतरतं. गिअरबॉक्स कोरडा, ट्रान्सफर केस तुडुंब: हे दिसलं तर दोन्ही उतरवून सीलं बदला. ट्रान्सफर केसच्या मधल्या शाफ्टवर चर पडला असेल तर तो शाफ्टही बदला, नाहीतर नवं सीलही गळेल. ऑइल भरताना डब्यावरचा दर्जा वाचा. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्यांना जीएल-४ दर्जाचं ९० नंबर ऑइल योग्य. जीएल-५ मधली द्रव्यं पितळेला खाऊ शकतात. दुकानदार जे समोर असेल ते देतो, मागून घ्या.

बरीच वर्षं उभ्या गाडीचं इंजिन सुरू करायची घाई करू नका. गाडी ट्रॅक्टरला बांधून, गिअरमध्ये टाकून ओढणं हा सगळ्यात वाईट उपाय. अडकलेल्या रिंगा मोडतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याऐवजी प्लग किंवा नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि पातळ ऑइल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग हँडलने, नाहीतर क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू हलवा. सुटलं तर ऑइल, फिल्टर, कूलंट बदला आणि कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असतील तर इंजिन उघडायची गरज नाही; चालू दे. एकात फार कमी असेल तर हेड काढा.

इंजिन उघडलंच, तर बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग ही कामं घरची नव्हेत. ती चांगल्या मशीन शॉपला द्या, पण मोजमाप आपण समोर उभं राहून करून घ्या आणि वहीत लिहा. पिस्टन आधी आणा, मग त्या पिस्टनवर बोअर करून घ्या, उलटं नाही. ३बीच्या हरिकेन इंजिनाची रचना वेगळी आहे: इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. त्यामुळे टॅपेट दोन ठिकाणी जुळवावे लागतात, एक वरच्या झाकणाखाली आणि एक बाजूच्या. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पॉइंटचं अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर. डिझेलवाल्यांनी पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला टाकल्याशिवाय धुराबद्दल इंजिनाला दोष देऊ नये.

पेट्रोल जीपवाल्यांना आज एक नवा प्रश्न आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुना रबरी पाइप, फ्युएल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केटं त्याने फुगतात, भेगाळतात; आणि पाइप फुटला तर पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घाला, पंपाचा पडदा नवा घाला. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीचे महिने फिल्टर वरचेवर बघा. ते हवेतली ओलही धरतं, तेव्हा पावसाळाभर गाडी भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

वायरिंगबद्दल थोडक्यात: जुनी वायर जोडत बसू नका, नवा पूर्ण हार्नेस घाला, फ्यूज बॉक्स लावा आणि अर्थिंगच्या जागा पत्रा चमकेपर्यंत घासा.

पत्रा आणि रंग

आता कुठे रंग. टबच्या फ्लोअरखालच्या उलट्या टोपीसारख्या पट्ट्या, टेलगेटची खालची कड आणि पावलं ठेवायची जागा, इथे गंज हमखास असतो. कापा, नवा पत्रा घाला. लांबी जाड थराने भरून गंज झाकणारा डेंटर भेटला तर नमस्कार करून दुसरा शोधा. पहिल्या पावसाळ्यात ती लांबी फुगते. घासलेल्या पत्र्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. आतल्या पोकळ जागांत मेण किंवा घट्ट गंजरोधक सोडा आणि पाणी बाहेर जायची मूळ भोकं बुजवू नका. रंग मारताना चांगला मास्क लावा. नुसतं फडकं बांधून भागत नाही.

निघालेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा खाचराच्या बांधावर ओतू नका. ओढ्यातून ते विहिरीत आणि नदीत जातं, म्हणजे फिरून आपल्याच घागरीत. कॅनमध्ये साठवा आणि ऑइल परत घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

पहिली फेरी घाटात काढू नका. विमा, पीयूसी आणि नोंदणी हातात आल्यावर आधी गावातल्या गावात, मग भोरच्या रस्त्याने सपाटीवर चालवा आणि दर थांब्याला चारही ड्रमला हात लावा. एखादा जास्त तापला असेल तर तो ब्रेक धरतोय. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकू नका. या गाडीत मधलं डिफरन्शियल नसतं, त्यामुळे वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअर, शाफ्ट, टायर खर्ची पडतात. चिखल, वाळू, ओला चढ यांसाठीच ते आहे. सपाटीवर सगळं ठीक चाललं की मग पाबे घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढून बघा. पाण्याचं तापमान आणि ऑइलचं प्रेशर जागेवर राहिलं तर काम बरोबर झालं आहे.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, इंजिन उघडलं असेल तर हेडचे बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, यू-बोल्ट आणि चाकांचे नट आवळा, ब्रेक पुन्हा जुळवा. आणि तुमच्या गोठ्यामागे अशी एखादी जीप उभी असेल, तिची चेसिस टणक आणि आरसी जिवंत असेल, तर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. स्वतःला जमणार नसेल तर उभी करणाऱ्याच्या हाती द्या.